सोन्याच्या बोअरला लागलेलं पाणी

मी सोन्याच्या कंपन्यांचं काम करते असं एकदा जिन्यात कुणाला तरी सांगून बसले आणि त्याची फळं पुढे बरेच दिवस भोगली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी पाटल्यांची जोडी पदराच्या गाठीत बांधून आणली. सोनाराने घट जास्त धरली का, तेवढं बघून दे म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटायचं, मी सोनं तारण ठेवणाऱ्या ऑफिसात आहे आणि व्याजाचा दर मुद्दाम लपवते. गावाकडच्या एका आत्याने तर लग्नसराईच्या तोंडावर फोन करून विचारलं, की तुमच्या कंपनीत नोकरमाणसाला तोळ्यामागं किती सूट देतात. आधी मी समजावून सांगायची. नंतर नुसतं "बघते" म्हणायला लागले. काकू पुढे मुलाकडे हैदराबादला गेल्या आणि तो प्रश्न आपोआप मिटला.

खरं काम असं आहे. परदेशातल्या एका सल्लागार फर्मसाठी मी लातूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून सोनं शोधणाऱ्या लहान कंपन्यांची किंमत ठरवते. सोनं काढणाऱ्या नव्हे, शोधणाऱ्या. काढणाऱ्या कंपनीकडे खाण असते, विक्री असते, नफा-तोटा असतो. शोधणारीकडे यातलं काहीच नसतं. तिच्याकडे एक परवाना असतो, एखादा माळ नाहीतर डोंगर असतो, भाड्याने आणलेलं ड्रिलचं मशीन असतं आणि बँकेत थोडे पैसे असतात. त्या पैशांत ती जमिनीला भोकं पाडते. पैसे संपत आले की नवे शेअर काढते, आणि मग जुन्या लोकांचा वाटा पातळ होतो. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी ओततो, तसाच हा प्रकार.

अशा कंपनीची किंमत करताना मी आधी बँकेतली शिल्लक बघते. महिन्याचा खर्च किती, आणि या हिशेबाने ती किती महिने तग धरेल, ते काढते. मग खर्चाची फोड करते. आलेल्या पैशातला किती जमिनीत गेला, म्हणजे ड्रिलिंग, नमुने, प्रयोगशाळा यांवर, आणि किती पगार, प्रवास, हॉटेलं, जाहिरातींवर. नंतर भोकांमधून काय निघालं ते वाचायचं. टनामागे किती ग्रॅम, किती मीटर जाडीत, किती खोलवर. शेवटी एक आकडा लिहायचा. तो आकडा बरोबर आहे की नाही हे कळायला वर्षं जातात, आणि तोवर ती फाईल कुणी उघडत नाही. मी आजवर कितीतरी डोंगरांना किंमत लावली आहे. त्यातला एकही डोंगर मी पाहिलेला नाही.

भूगर्भशास्त्र मी नांदेडला शिकले, हिशेब नोकरीत शिकले. लग्न पुण्यात झालं आणि पुण्यातच मोडलं. त्यानंतर नांदेडला वडिलांकडे परत गेले असते तर गल्लीने रोज विचारलं असतं, म्हणून लातूर निवडलं. लातूरला मला कुणी विचारत नाही. हीच सोय होती आणि पुढे हीच पंचाईत झाली. माझ्या इमारतीत आणि आजूबाजूला क्लासला आलेली पोरं-पोरी राहतात. सकाळी पाठीवर दप्तर, हातात डबा, डोळ्यात झोप. वर्षभरात चेहरे ओळखीचे होतात, एखादी "काकू, कुकरची शिट्टी आहे का जास्तीची" म्हणून दारात येते, आणि परीक्षा झाली की सगळी आपापल्या गावी जातात. जूनमध्ये नवे चेहरे. मी दरवर्षी नव्याने अनोळखी होते.

तिकडची घड्याळं आपल्या पुढे असल्यामुळे माझी मीटिंग पहाटे असते. उजाडल्यावर ती संपते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही, अशी बरीच वर्षं गेली. मला एकटं राहता येतं असा माझा समज होता, आणि तो मी चारचौघांत ऐटीत सांगायचेही. खरं म्हणजे चारचौघं भेटतच नव्हते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. हिमायतनगरकडच्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर त्यांची नोकरी झाली. आई गेल्यापासून ते नांदेडच्या घरात एकटेच राहतात. मूळ गाव अर्धापूरच्या बाजूचं, केळीचं. तिकडची शेती चुलते बघतात. अण्णांचा आणि माझा फोन रविवारी व्हायचा, आणि तो कायम सारखाच.

"बरी हाईस का?"

"हो अण्णा."

"जेवलीस?"

"हो."

"ठेवू मंग."

माझं लग्न मोडल्याबद्दल ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते मोठ्या मनाने गप्प आहेत की रागाने, हे मला कधी उमगलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. असा तो फोन. म्हणून एकदा भर बुधवारी दुपारी त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी हातातलं काम टाकून पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"तुझं ते सोन्याचं काम," अण्णा म्हणाले, "त्याच्यात कंपनी चांगली का वाईट हे कळतं का गं?"

मी म्हटलं, तेच तर काम आहे.

"मंग एक कंपनी बगून दे मला. घाई न्हाई. पर नीट बग."

प्रकरण असं होतं. अण्णांचा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशी उलटलेला, वर्षभरापासून त्यांच्याकडे येत होता. तो एका सोनं शोधणाऱ्या कंपनीचे शेअर विकायचा. कंपनी लहान, बाजारात नोंद नसलेली. कर्नाटकाच्या हद्दीपलीकडे एका डोंगरावर तिचं काम चालू आहे असं सांगत होते. अण्णांच्या निवृत्तीच्या पैशातली जी ठेव उरली होती, ती मोडून त्यांना यात घालायची होती. ती ठेव म्हणजे त्यांचं दवाखान्याचं आणि म्हातारपणाचं सगळं होतं. ती गेली तर हात पसरायची वेळ येणार, आणि अण्णा हात पसरणाऱ्यांतले नव्हते.

मला त्या ठेवीची काळजी वाटली हे खरं. पण त्याच्या आधी, क्षणभर, मला लाज वाटावी इतका आनंद झाला. अण्णांनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी शनिवारीच अहमदपूर-लोहामार्गे नांदेडची बस धरली.

तो विद्यार्थी घरातच होता. मी चप्पल काढत होते तोवर त्याने आतून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. आमच्याच घरात मला पाहुण्यासारखं पाणी मिळालं. तो अण्णांना गुरुजी म्हणायचा, आल्याबरोबर आणि निघताना वाकून पाया पडायचा. औषधाच्या गोळ्या कुठल्या संपल्या, गॅस कधी लावला, हे त्याला पाठ होतं. मी त्याच्यात लबाडी शोधत होते आणि ती मला सापडत नव्हती. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो यायचा, अण्णा चहा टाकायचे, आणि दोघं ओसरीत बसून सोन्याच्या भावापासून राजकारणापर्यंत सगळं बोलायचे. पहिल्या तासाभरातच मला कळून चुकलं, की इथे फक्त ठेव पणाला लागलेली नाही. मी कंपनीवर फुली मारली तर हा माणूस यायचा बंद होईल. आणि अण्णांकडे दुसरं कुणीच येत नव्हतं.

"ताई, एकच सांगतो," तो म्हणाला, "तिकडं जुनी खाण हाय, चालू हाय, सोनं निघून राहिलंय. आन् आपला डोंगर तिच्या शिवंला लागून हाय. शिवंला शिव!"

अण्णांनी मान डोलावली. "चुलत्याच्या रानात केळी येती तर बांधाच्या अलीकडं का येनार न्हाई? माती तर एकच."

हे मी जगातल्या सगळ्या देशांच्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत वाचलं आहे. शेजारी मोठी खाण दाखवायची आणि आपला माळ विकायचा. तिथे मी एका ओळीत त्याची वाट लावते. पण समोर वडील असले की ओळ सुचत नाही. मी म्हटलं, "अण्णा, सोनं मातीत पसरलेलं नसतं. गारगोटीच्या शिरेत असतं. शीर कुठे वळेल सांगता येत नाही. शेजारच्या बोअरला पाणी लागलं म्हणून आपल्याला लागतं का?"

अण्णांनी विचार केला. "न्हाई लागत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पर आपुन बोअर मारतोच की!"

विद्यार्थ्याने मांडीवर थाप मारली. दोघं मनमुराद हसले, आणि मीसुद्धा हसले. त्या घरात इतकं हसू आई असताना ऐकलं होतं.

त्याने दिलेले कंपनीचे कागद घेऊन मी लातूरला आले आणि बसले कामाला. शिल्लक थोडी होती, पण लहान कंपन्यांची असतेच. जमिनीत शोधासाठी घातलेला पैसा हिशेबात मालमत्ता म्हणून दाखवता येतो, तसा नियमच आहे. इथे त्या शोधखर्चात मेळावे होते, गाड्या होत्या, जेवणावळी होत्या. नवे शेअर दरवेळी चढ्या भावाने काढलेले, आणि भाव चढायचं कारण कुठे लिहिलेलं नाही. भोकांतून काय निघालं, त्याचा प्रयोगशाळेचा एकही अहवाल नाही. परवान्याच्या जागी अर्जाची पोच जोडलेली. माझ्या फर्मसाठी असतं तर मी दुपारच्या आत शून्य लिहून मोकळी झाले असते.

पण त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. अण्णा मला रोज फोन करायला लागले. "आज काय बगितलंस?" मी सांगायची, ते ऐकायचे. शेअरचा वाटा पातळ होतो म्हणजे काय, हे मी त्यांना वरणाच्या उदाहरणाने समजावलं, तर म्हणाले, "मंग डाळ कोन टाकायलंय ते बग ना." इतका नेमका प्रश्न मला मीटिंगमध्ये कुणी विचारलेला नाही. कामाचं बोलून झाल्यावर ते इकडचं तिकडचं बोलायचे. पपईच्या झाडाचं, नळाच्या वेळेचं, आईच्या हातच्या अंबाडीच्या भाजीचं. चार-पाच वाक्यं जास्त, पण माझा दिवस त्यांच्यावर निघायचा. फोन येईपर्यंत मी चहा प्यायची नाही. हे सगळं कंपनीवर अडकलेलं आहे हे मला दिसत होतं, आणि ते संपू नये असं मनापासून वाटत होतं.

तरी मी सांगितलं. फोनवर, सगळं, फोड करून. अण्णा शांतपणे ऐकून घेत होते.

"तू म्हनतीस ते कागदाचं झालं," ते म्हणाले. "कागद कसाबी असतो. रान कागदावर घेत असतेत का? आपुन जाऊन बगतो, ढेकूळ हातात घेतो, शेजाऱ्याला विचारतो. मी बगून येतो."

मी म्हटलं, अण्णा, एवढ्या लांब, या वयात कशाला?

"तू ज्या खानी बगतीस, त्या कदी डोळ्यानं बगितल्यास का?"

"नाही."

"मंग?"

आमच्याकडे स्थळ असो, बैल असो, प्लॉट असो, चार माणसं घेऊन बघून आल्याशिवाय कुणी शब्द देत नाही. आणि एकदा बघून आलं, की मग दुसरं काही ऐकतही नाही. कंपनीला ही रीत चांगली माहीत असावी, कारण डोंगर दाखवायला दर महिन्याला जीपगाड्या निघत होत्या. नांदेडचे, लातूरचे, उदगीरकडचे बरेच निवृत्त लोक त्यात असायचे. अण्णा त्यांच्याबरोबर गेले.

ते परत आले त्या शनिवारी मी पुन्हा नांदेडला होते. अण्णा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. रुमालात बांधून चकाकणारे गारेचे दगड आणले होते, ते त्यांनी माझ्यासमोर टेबलावर मांडले. मला पिवळी चकाकी ओळखू आली. ते सोनं नव्हतं, गंधक आणि लोखंडाचं खडेदार खनिज होतं, भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच हातात देतात. पण ते मी लगेच बोलले नाही. त्यांना सांगायचं होतं, सांगू दिलं.

"माझ्या डोळ्यादेखत बोअर मारला," अण्णा म्हणाले. "नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, आन् केला चालू."

"मशीन कसलं होतं?"

"आपल्याकडची बोअरची गाडीच की. ती न्हाई का, आपल्या रानात आली व्हती तसली."

मी सावरून बसले. सोनं शोधताना बहुतेक वेळा दगडाची अख्खी कांडी कापून बाहेर काढतात आणि लांब पेट्यांत ओळीने मांडून ठेवतात. कधी भुकटी काढणारं मशीन लावतात, पण मग प्रत्येक मीटरची भुकटी वेगळ्या पिशवीत भरतात, पिशवीवर खोली लिहितात, प्रयोगशाळेत धाडतात. ही भुकटी म्हणजेच सगळा खेळ. ती नसेल तर भोक नुसतं भोक.

"दगडाच्या कांड्या ठेवलेल्या पेट्या दिसल्या?"

"न्हाई बा."

"मग जी भुकटी वर येत होती, ती कुणी पिशव्यांत भरून घेत होतं?"

अण्णांनी आठवून बघितलं. "भुकटी वाऱ्यावर उडून राहिली व्हती. आमच्या सगळ्यांच्या अंगावर. म्हातारे खोकून बेजार."

"मग पुढे काय झालं?"

आणि इथे अण्णांचा चेहरा परत खुलला. "मंग पानी लागलं! चांगलं दोन इंची पानी, बाई! असं उसळलं वर. सगळे पळाले बग. कुनी तोंडाला लावलं, कुनी डोक्यावर शिंपडलं. लातूरचा एक जन तर रडायलाच लागला. त्यानं रानात लई बोअर मारले व्हते, एकालाबी असं पानी लागलं नव्हतं म्हने. बाटल्या भरून घेतल्या लोकांनी. तितंच उभ्या उभ्या चेक लिवले. जागेला बरकत हाय म्हनले."

मला त्यांचा आनंद समोर दिसत होता. आमच्या भागातल्या माणसासमोर जमिनीतून पाणी उसळलं की त्याचं भान हरपतं, त्यात माझंही हरपलं असतं. मी अगदी हळू म्हटलं, "अण्णा, तुम्ही सोनं बघायला गेला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी त्यांना हसू आलं, खरंखुरं, खांदे हलवून. मग ते हसू ओसरत गेलं. त्यांनी दगड एकेक करून परत रुमालात बांधले. "पिशवी कुनाच्याच हातात नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले.

पाच वाजता विद्यार्थी आला. पाया पडला. अण्णांनी त्याला समोर बसवलं आणि विचारलं. आवाज शाळेतला, पण चढलेला नव्हता.

"त्या बोअरची भुकटी कुठं हाय रे?"

"गुरुजी, ते... इंजिनेर लोक बगतेत ते सगळं."

"तू बगितलास का इंजिनेर?"

त्याने मान खाली घातली. चाळिशी उलटलेला तो माणूस माझ्यासमोर शाळकरी दिसायला लागला आणि मला ते बघवेना.

"तुझे स्वतःचे किती गेलेत?"

"प्लॉट इकला गुरुजी. आन् मेव्हन्याचे हायेत." मग माझ्याकडे न बघता, "ताईचं बरोबर असंल. कागदाचं त्यांना कळतं. पर मी खोटं न्हाई बोललो गुरुजी तुमच्याशी. मला जेवढं सांगितलं तेवढंच मी सांगितलं."

"ते मला माहीत हाय," अण्णा म्हणाले. "तुझे पैसे माग त्यांना. आजच माग. मी येतो संगट."

तो नको म्हणाला. चहा अर्धा सोडून उठला, पुन्हा वाकून पाया पडला आणि गेला. अण्णांनी ठेव मोडली नाही. मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा जीव भांड्यात पडल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. उलट आपण त्या घरातून काहीतरी उचलून आणलंय आणि ते परत कुठे ठेवायचं ते कळत नाही, असं वाटत राहिलं. लोह्याच्या पुढे बस बिघडली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी ड्रायव्हरवर ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

रोजचा फोन बंद झाला, कारण बोलायला कंपनी उरली नव्हती. पुन्हा रविवार. बरी हाईस का, जेवलीस का. मध्ये एकदा मी मुद्दाम विचारलं, तो येतो का. "न्हाई," म्हणाले, "त्याला त्वांड दाखवायला लाज वाटत असंल. पोरगं वाईट न्हाई." त्याला पैसे परत मिळाले की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही. मी माझ्या डोंगरांकडे वळले. किमती लावत राहिले.

उन्हाळ्याच्या आधी मी नांदेडला गेले. अण्णा ओसरीत बसले होते. समोरची दुसरी खुर्ची तशीच मांडलेली होती. घर झाडलेलं, सगळं जागच्या जागी, आणि स्वयंपाकघरात एकच कप पालथा घातलेला. मी चहा केला, दोघांसाठी.

"तुझं बरोबर व्हतं," अण्णा म्हणाले, विचारलं नसताना. "पैसा वाचला. पर पाच वाजले का कान दारापाशी जातेत माझे. एकट्यासाठी चहा टाकू वाटंना, सोडून दिला."

मला एकदम भडभडून आलं. मी म्हटलं, "अण्णा, कशाला राहता इथे एकटे? चला माझ्याकडे लातूरला."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"तुझ्याकडं कोन येतं?"

मला प्रश्न आधी समजला नाही. वाटलं, लातूरला न्यायला कोण येणार, असं काहीतरी विचारतायत.

"न्हाई, विचारायलो," ते म्हणाले. "दिवसभरात तुझ्याकडं कोन येतं?"

मी आठवायला लागले. दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली असते. पाण्याचा जार ठेवणारा बेल वाजवून निघून जातो, पैसे मोबाईलवरून जातात. पार्सलवाला दारात सोडून फोटो काढतो. क्लासच्या पोरी यंदा वरच्या मजल्यावर आहेत, माझ्या मजल्यावर कुणी नाही. नोकरीत मला एवढा साधा प्रश्न कुणी विचारला असता तर मी तोंडातल्या तोंडात काहीतरी मोघम सांगून वेळ मारून नेली असती.

"कुणी नाही, अण्णा," मी म्हटलं.

ते मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं. अण्णा रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून पुढे-मागे फिरत होता.

"मला वाटायचं तू तिकडं मजेत हाईस," ते म्हणाले. "मोठं काम, मोठी मानसं. म्हनून मी जास्त बोलत नव्हतो. कशाला त्रास द्यायचा म्हनून."

मी दोन्ही कप उचलले आणि आत गेले. नळ मोठा सोडला आणि रडले. बाहेर त्यांना ऐकू जात असणार हे मला माहीत होतं. ते उठून आत आले नाहीत, आणि मीही नळ लवकर बंद केला नाही.